बंदरात असेपर्यंत

क्लाक्सविकच्या धक्क्याला दोर पडले
की मी आधी डिझेलचा पाइप जोडतो, मग पाण्याचा,
आणि मग मेसमधल्या पिवळ्या पडलेल्या संगणकाला
बंदराचं वायफाय.
नऊ तास मिळतात. कधी सहाच.
पुढे तीन आठवडे जाळं, बर्फ आणि कॉड.

एम्युलेटरची नवी आवृत्ती आलेली असते. येतेच.
कुठली कुठली अनोळखी माणसं
रात्री जागून एका बंद पडलेल्या यंत्राची नक्कल
दर महिन्याला थोडी अधिक खरी करत असतात.
या वेळी म्हणे पाण्यावरचा उजेड दुरुस्त झालाय.
पाण्यावरचा उजेड! आम्हाला!
तरी मी उतरवून घेतो.

नुसता एम्युलेटर बदलून भागत नाही,
त्याचं बिऱ्हाड मोठं आहे.
कंट्रोलर ओळखणारी यादी,
कोणता गेम कुठे अडखळतो त्याची वही,
शेडर, फॉन्ट, लबाडीचे कोड.
बायोसला मात्र हात लावायचा नाही,
ते टाइटुरने स्वतःच्या कन्सोलमधून काढलेलं,
कुडी भंगारात गेली, श्वास तेवढा फाइलीत आहे.
मागच्या खेपेला मी यादी बदलायची विसरलो
आणि निळ्या टेपने बांधलेला आमचा कंट्रोलर
अख्खा बॅरेन्ट्स समुद्र संपेपर्यंत
उजवीकडे म्हटलं की डावीकडे जात राहिला.
टाइटुर तेवढे दिवस माझ्याशी बोलला नाही.

आणि एक फोल्डर आहे:
'पोउलचं. हात लावू नये.'

आत चौदा वर्षांपूर्वीची आवृत्ती,
एकाच फाइलीसाठी सांभाळलेली.
पोउल आमचा आचारी. कंबर गेली, किनाऱ्यावर राहिला.
गेमच्या आत जाऊन नीट जतन करणं त्याला जमलं नाही.
बटाटे उकळले की एक बटण दाबायचा
आणि जग होतं तिथे गोठायचं,
हवेतली तलवार हवेतच.
असं गोठवलेलं नव्या आवृत्तीला उघडत नाही.

आज कंपनीने नवा संगणक पाठवला.
त्यावर जुनी आवृत्ती चालेना.
नवी आचारीण, सुनवूर, सुडुरोयची,
हात पुसत म्हणाली,
'जुन्यावर उघड. चालत जा जतन करायच्या जागेपर्यंत.
मेमरी कार्डावर उतरव, ते नव्याला वाचता येतं.
फ्रीझरमधला मासा फ्रीझर असेपर्यंत.
वाऱ्यावर वाळवलेला कुणाच्याही घरात टिकतो.'

मला काय माहीत नव्हतं?
चौदा वर्षं माहीत होतं.
पण त्यासाठी त्याला हलवावं लागणार होतं.

फोन लावला.
'अजून आहे तो?' पोउल म्हणाला.
मग बराच वेळ नुसता त्याच्या टीव्हीचा आवाज.
मला वाटलं, ठेवला.
'समोरच्या दारातून जाऊ नका,' तो म्हणाला,
'मी ते दार चुकून उघडलंय.
विहिरीच्या मागे जिना आहे.'

इंजिन सुरू व्हायला चाळीस मिनिटं होती.
सुनवूर खेळली, मी तिच्या कानाशी फोन धरला.
हवेतली तलवार खाली आली.
कुणालाच लागली नाही.
जिना होता. पाचव्या पायरीवर
पोउल आम्हाला थांबवून म्हणाला, सावकाश,
जसं स्वतःच्याच कमरेला सांगावं.
वरती खिडकीपाशी जतन करायची जागा,
निळसर, फिरती.
कार्डावर लिहिलं गेलं.
'झालं?' त्याने विचारलं. 'झालं,' सुनवूर म्हणाली.
'मग बटाट्यांकडे बघ,' म्हणाला, आणि ठेवला.

जुना फोल्डर मी पुसला नाही.
जागा फार नाही खात.

दोर सुटले तेव्हा फॉन्टची फाइल
अर्ध्यावर उतरत होती.
वायफाय खांबांमागे पातळ होत गेलं, गेलं.
आता तीन आठवडे
त्या गेममधली सगळी माणसं
आमच्याशी चौकोनांत बोलतील.